आसिया : एक उच्चार, दोन नावे

अपत्याला चांगल्या अर्थाचे नाव देणे ही माता-पित्यांची जबाबदारी आहे. अशोभनीय अर्थाची नावे प्रेषित मुहम्मद (सल्ल.) स्वतः बदलून देत असत. अशाच एका प्रसंगाच्या हदीसमुळे आपल्या घरांतील एका आवडत्या नावाविषयी विनाकारण शंका निर्माण होते. ते नाव म्हणजे आसिया.

सहीह मुस्लिममध्ये हजरत अब्दुल्लाह इब्ने उमर (रजि.) यांचे कथन आहे की, हजरत उमर (रजि.) यांच्या एका मुलीला ‘आसिया’ म्हणत असत; प्रेषितांनी (सल्ल.) तिचे नाव ‘जमीला’ ठेवले. मराठी वाचक हे देवनागरीत वाचतो आणि दचकतो. प्रेषितांनी बदललेले नावच आपण लेकीला दिले की काय?

नाही. ही गफलत लिपीची आहे. अरबीत अलिफ आणि ऐन ही दोन वेगळी अक्षरे, सीन आणि साद हीही वेगळी. देवनागरीत मात्र दोहोंसाठी एकच ‘आ’ आणि एकच ‘स’. हदीसमधील नाव ऐन व साद यांनी लिहिले जाते. त्याचा अर्थ अवज्ञा करणारी. उर्दूतील ‘मासियत’, म्हणजे पाप, हा शब्द त्याच धातूचा. आपल्या मुलींचे नाव अलिफ-मद आणि सीन यांनी लिहितात, आणि अरबीत त्या शब्दाला उपचार करणारी, तसेच आधाराचा खांब असे अर्थ आहेत.

हे नाव फिरऔनच्या पत्नीचे. दिव्य कुरआनात तिचे नाव आलेले नाही, तिची कथा आहे. नदीतून आलेल्या बाळ मूसा (अलै.) यांना मारू नका, असे तिने पतीला विनविले (28:9). पुढे तिने अल्लाहपाशी जन्नतमध्ये घर मागितले आणि फिरऔनपासून व त्याच्या कृत्यांपासून सुटका मागितली (66:11). राजवाड्यात राहणाऱ्या स्त्रीने दुसरे घर मागावे, यावर जरा थांबून विचार करा! अल्लाहने तिला समस्त श्रद्धावंतांसाठी उदाहरण म्हणून सादर केले आहे. ‘आसिया’ हे नाव हदीसमधून कळते, सहीह बुखारीत पूर्णत्वास पोहोचलेल्या स्त्रियांत हजरत मरयम (अलै.) यांच्याबरोबर तिचा उल्लेख आहे. मुलींसाठी ही दोन्ही नावे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या पसंत केली जातात, ती याच आदरामुळे.

आता उच्चाराकडे वळू. ‘इ’पूर्वीच्या ‘स’चा ‘श’ करण्याची मराठीची जुनी सवय आहे. नसीबचे नशीब झाले, सिपाहीचा शिपाई, सिक्क्याचा शिक्का. त्याच सवयीने आसियाची ‘आशिया’ होते आणि मुलगी एकदम खंड बनते. खराडीसारख्या भागात याला आणखी एक फाटा फुटतो. तेथे आयटी कंपन्यांमुळे देशभरातून आलेली कुटुंबे शेजारी राहतात, शाळेतील हजेरी बहुधा रोमन अक्षरांतून वाचली जाते. दाखल्यावर ‘वाय’ गळला असेल तर नवख्या शिक्षिकेच्या तोंडी ‘एशिया’ येणारच. त्यात तिचा दोष नाही. पहिला ‘आ’ दीर्घ, ‘सि’ ऱ्हस्व, शेवटी स्पष्ट ‘या’, एवढे तिला एकदा सांगितले की पुरे.

म्हणून जन्मनोंदणीच्या वेळीच दक्षता घ्या. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत शाळाप्रवेशापासून आधारपर्यंत जन्माचा पुरावा म्हणून हाच दाखला चालतो. जन्माची खबर 21 दिवसांत द्यावयाची असते. नाव मात्र नोंदणीनंतर 12 महिन्यांपर्यंत विनाशुल्क घालता येते. सातव्या दिवशी अकीका करून नाव ठेवणे हदीसला धरून आहे, तेव्हा घाईघाईने रुग्णालयातच कोणत्याही स्पेलिंगवर संमती देण्याचे कारण नाही. दाखला छापण्यापूर्वी मराठी आणि रोमन ही दोन्ही रूपे स्वतः वाचून पाहा. रोमनमध्ये ‘आय’ आणि शेवटचा ‘ए’ यांच्यामध्ये ‘वाय’ हवाच.

ज्यांची आसिया आज शाळेत जाते, त्यांनी कोणाच्या सांगण्यावरून राजपत्रात नाव बदलण्याची धावपळ करू नये. उर्दू अक्षरे तेवढी तपासावीत. अकीकाची पत्रिका असो वा पुढे निकाहनामा, तेथे कोणी नकळत ऐन आणि साद लिहून गेला, तर मात्र तेच नाव उमटेल जे प्रेषितांनी (सल्ल.) बदलले होते.