जनित्राची जोडणी आणि खांबावरचा माणूस

मृगाचे वारे सुटले की पैनगंगेच्या दोन्ही तीरांवरील गावांना अंधाराची सवय करून घ्यावी लागते. आभाळ भरून येते, झाडाची फांदी तारांवर कोसळते, एखादा खांब कलतो आणि पाहता पाहता संपूर्ण गावातील दिवे मालवतात. नदीच्या उत्तर तीरावर महाराष्ट्रातील यवतमाळ जिल्हा, तर दक्षिणेस तेलंगणातील आदिलाबाद जिल्हा. याच आदिलाबाद जिल्ह्यात तामसी मंडल आहे. हा भाग १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात, त्यानंतर आंध्र प्रदेशात आणि २ जून २०१४ पासून तेलंगणात आहे. राज्ये बदलली, तरी अनेक घरांतील मराठी बोली टिकून राहिली आणि कापसाचे शेतही तेच राहिले.

वीजपुरवठ्याची स्थिती मात्र पुष्कळ सुधारली. तेलंगणात १ जानेवारी २०१८ पासून शेतीपंपांना चोवीस तास वीज देण्यास प्रारंभ झाला. भारनियमनाची जुनी आठवण त्यामुळे मागे पडली असली, तरी वादळ कोणत्याही शासनाचे ऐकत नाही. म्हणूनच किराणा दुकानदार, पिठाच्या गिरणीचे मालक, मंडपवाले आणि काही सधन शेतकरी यांच्याकडे उचलून नेता येण्याजोगे लहान जनित्र, म्हणजेच जनरेटर, आता दिसू लागले आहे. हे यंत्र उपयुक्त आहे, यात शंका नाही. परंतु ते घराच्या वायरिंगला कसे जोडावे याचे ज्ञान यंत्राबरोबर आपोआप घरी येत नाही. ते ज्ञान नसेल, तर जो माणूस आपला अंधार दूर करण्यासाठी पावसात खांबावर चढला आहे, त्याच्याच जिवावर आपला दिवा उठतो.

सोपी वाटणारी चूक

नेहमी आढळणारी पद्धत अशी. एका वायरच्या दोन्ही टोकांना पिनांचे प्लग बसवितात. एक टोक जनित्रात घालतात आणि दुसरे घरातील एखाद्या सॉकेटमध्ये खुपसतात. घरातील सर्व दिवे लागतात. घरधन्यास समाधान वाटते. खर्च काय, तर दोन प्लग आणि चार हात वायर!

या जोडणीत दोन धोके आहेत. पहिला धोका हातातच असतो. जनित्र चालू असताना वायरचे एक टोक सॉकेटमधून निसटले, तर त्या उघड्या पिनांवर २३० व्होल्टचा दाब असतो. लहान मुलाचा हात त्यांना लागणे एवढेच बाकी राहते. दुसरा धोका डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तो अधिक गंभीर होय. सॉकेटमध्ये सोडलेली वीज घरातच थांबत नाही. मेन स्विच चालू राहिला, तर ती मीटरमधून उलट्या दिशेने खांबावरील तारांत जाते आणि तेथून गावच्या रोहित्रापर्यंत, म्हणजे ज्याला गावात डीपी म्हणतात तेथपर्यंत, पोहोचते.

मेन स्विच आठवणीने बंद करू, असे उत्तर यावर दिले जाते. परंतु अंधार, पाऊस, पाहुण्यांची गर्दी आणि घाई अशा वेळी माणसाच्या आठवणीवर दुसऱ्याचा जीव टांगून ठेवणे योग्य नव्हे. शिवाय काही जुन्या घरांत मेन स्विच केवळ फेजची तार तोडतो. न्यूट्रलची तार बाहेरच्या लाईनशी जोडलेलीच राहते.

रोहित्र उलट्या दिशेनेही चालते

शाळेत विज्ञान शिकविणाऱ्या शिक्षकांनी विद्यार्थ्यांना अवश्य समजावून द्यावा असा हा भाग आहे. गावातील रोहित्र ११,००० व्होल्टचा दाब उतरवून घरांना एका फेजवर सुमारे २५० व्होल्टचा दाब देते. म्हणजे दाब ४४ पटींनी कमी होतो. रोहित्रात वीज कोणत्या बाजूने आली हे ओळखणारा कोणताही पहारेकरी नसतो. ती घराच्या बाजूने शिरली, तर तेच रोहित्र दाब ४४ पटींनी वाढविते. जनित्राचे २३० व्होल्ट गुणिले ४४ केल्यास उत्तर येते १०,१२०. ओसरीवर फटफटणारे लहानसे यंत्र गावाबाहेरील उच्चदाब वाहिनीवर दहा हजार व्होल्टचा दाब उभा करू शकते, तो अशा रीतीने.

लहान जनित्राला एवढ्या मोठ्या लाईनीचा भार पेलवणार नाही, ते लगेच बंद पडेल, असा युक्तिवाद काही जाणकारही करतात. सर्व गाव लाईनीला जोडलेले असेल, तर बहुधा तसे घडतेही. परंतु वादळात तार नेमकी कोठे तुटेल हे कोणी सांगावे? आपले घर आणि शेजारची दोनचार घरे एवढाच तुकडा उरला आणि त्या घरांतील दिवे बंद असले, तर जनित्र निवांतपणे चालत राहते आणि तुटून खाली लोंबणारी तार जिवंत राहते.

वीज रोहित्रापर्यंत न पोहोचता केवळ खांबावरच राहिली, तरी ती पुरेशी घातक आहे. ओल्या अंगाचा विद्युत्‌रोध सुमारे १,००० ओहम धरल्यास २३० व्होल्टच्या दाबाने शरीरातून २३० मिलिअँपियर प्रवाह जाऊ शकतो. हृदयाची लय बिघडण्यास याच्या निम्म्याहून कमी प्रवाहही पुरतो. एक के.व्ही.ए. क्षमतेचे अगदी लहान जनित्रदेखील चार अँपियरहून अधिक, म्हणजे ४,००० मिलिअँपियरहून अधिक, प्रवाह देते.

खांबावरचा माणूस

लाईनमन दुरुस्तीस निघण्यापूर्वी उपकेंद्राकडून ‘लाईन क्लिअर’ घेतो. वाहिनी बंद केल्याची खात्री मिळाल्यावरच तो खांबास हात लावतो. काम करावयाच्या जागेच्या दोन्ही बाजूंस तारा तपासून त्या भू-संपर्कित कराव्यात, असा दंडक आहे. आणि तो उलट दिशेने येणाऱ्या अशाच विजेसाठी आहे. तथापि रात्रीच्या पावसात, एकामागून एक तक्रारी येत असताना, त्याच्या दक्षतेत तसूभर उणीव राहिली, तर तिची शिक्षा मृत्यू असू नये. उपकेंद्रातील नोंदवहीत वाहिनी बंद असते. तुमच्या घरातील जनित्राची नोंद त्या वहीत नसते.

धोका केवळ लाईनमनलाच आहे असेही नाही. तुटलेली तार बांधावरून बाजूस सारणारा शेतकरी, पहाटे गुरे सोडावयास निघालेला सालदार, पाण्याने भरलेल्या वाटेने जाणारी मुले, यांपैकी कोणीही तिच्या तावडीत सापडू शकतो. गावातील वीज गेली आहे म्हणून तार मेलेली आहे, हा समज सर्वांनीच मनातून काढून टाकावा. पडलेल्या तारेपासून दूर राहावे, इतरांनाही दूर ठेवावे आणि १९१२ या क्रमांकावर कळवावे.

योग्य जोडणी कोणती

सर्वांत स्वस्त आणि निर्धोक मार्ग म्हणजे जनित्र घराच्या वायरिंगला जोडूच नये. जनित्र बाहेर ठेवून त्यावरून चांगल्या प्रतीची एक्स्टेन्शन वायर घरात आणावी आणि तिच्यावर दोन दिवे, एक पंखा किंवा फ्रिज चालवावा. एका रात्रीच्या गरजेस एवढे बहुधा पुरते.

घरातील कायमच्या वायरिंगवरच वीज हवी असेल, तर ‘चेंजओव्हर स्विच’ बसविण्यास पर्याय नाही. या स्विचच्या तीन स्थिती असतात : एका बाजूस कंपनीची वीज, मध्ये शून्य आणि दुसऱ्या बाजूस जनित्र. त्याची रचनाच अशी असते की एक बाजू सुटल्याखेरीज दुसरी लागत नाही. नांगराला एका वेळी एकच बैलजोडी जुंपावी, तसे घर एका वेळी एकाच विजेला जोडले जाते. येथे माणसाच्या आठवणीचा प्रश्न उरत नाही. लोखंड आणि तांबेच ती आठवण ठेवतात.

हा स्विच मीटर व मेन स्विचच्या नंतर आणि घरातील फ्यूज किंवा एमसीबीच्या पेटीच्या आधी बसवितात. एका फेजच्या घरास तो दोन पोलचा असावा, म्हणजे फेज व न्यूट्रल या दोन्ही तारा एकदम बदलतात. तीन फेजच्या जोडणीस चार पोलचा स्विच लागतो. जनित्राची वायर भिंतीवरील ज्या जोडस्थानात येते, तेथे पिना भिंतीकडील भागात व भोके वायरच्या टोकात असावीत. त्यामुळे वायर निसटली तरी जिवंत पिन उघडी पडत नाही. अडीच के.व्ही.ए.पर्यंतच्या जनित्रास थोड्या अंतरासाठी २.५ चौरस मिलिमीटरची, तांब्याची, तीन कोरची केबल पुरेशी होते. जनित्राच्या सांगाड्यास भू-संपर्क द्यावा. जनित्राच्या न्यूट्रलची व्यवस्था कशी करावयाची हे परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून ठरवून घ्यावे, आणि ही सर्व जोडणीही त्याच्याच माणसांकडून करून घ्यावी. हौशी हातांचे हे काम नव्हे.

चालविण्याचा क्रम

वीज गेल्यावर प्रथम घरातील उपकरणे बंद करावीत. चेंजओव्हर स्विच मध्यावर आणावा. मग जनित्र सुरू करून दोनतीन मिनिटे स्थिर होऊ द्यावे. त्यानंतर स्विच जनित्राच्या बाजूस करावा आणि उपकरणे एकेक करून लावावीत. वीज परत आल्यावर हाच क्रम उलटा करावा : उपकरणे बंद, स्विच मध्यावर, जनित्र बंद आणि थोड्या वेळाने स्विच कंपनीच्या बाजूस. वीज आली हे कळण्यासाठी चेंजओव्हर स्विचच्या आधीच्या भागावर एक लहान खूणदिवा बसवून घेणे सोयीचे असते. ज्यांनी केवळ दोन प्लगांची वायर वापरली आहे, त्यांच्या जनित्रावर वीज परत येताच बाहेरील वाहिनीचा पूर्ण जोर आदळतो. दोन प्रवाहांची लय जुळलेली नसल्यामुळे यंत्र जळते आणि आगही लागू शकते.

भाराचा हिशेबही आधी करावा. अडीच के.व्ही.ए.चे जनित्र साधारणपणे २,००० वॅटचा भार घेते. नऊ वॅटचे सहा दिवे म्हणजे ५४ वॅट, ७५ वॅटचे तीन पंखे म्हणजे २२५ वॅट आणि दूरदर्शन संचाचे १०० वॅट धरले, तर बेरीज ३७९ वॅट होते. यावर एक फ्रिज चालू शकेल. परंतु मोटार सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढते. म्हणून एक अश्वशक्तीचा पंप दिसावयास लहान असला, तरी तो अशा जनित्रावर लावू नये.

धुराचा धोका

जनित्राच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा वायू असतो. त्यास रंग नाही, वास नाही. बंद खोलीत झोपलेल्या माणसास तो जागे होण्याचीही संधी देत नाही. पाऊस आहे म्हणून जनित्र ओसरीवर, गोठ्यात किंवा दुकानाच्या मागील खोलीत ठेवणे जिवावर बेतू शकते. ते घरापासून निदान सहा मीटर दूर, दारेखिडक्यांच्या समोर येणार नाही असे, वरून आडोसा असलेल्या पण चारही बाजूंनी मोकळ्या जागी ठेवावे. यंत्र गरम असताना त्यात इंधन ओतू नये.

गावाने करावयाचे काम

ग्रामपंचायतीने आपल्या हद्दीत कोणाकडे जनित्र आहे याची यादी करावी, ती कोणत्या डीपीखाली येतात हे लिहावे आणि पावसाळ्यापूर्वी ती यादी स्थानिक वीज कार्यालयास द्यावी. तामसीकडे ते कार्यालय तेलंगणाच्या उत्तर वीज वितरण कंपनीचे असेल, तर पैनगंगेच्या पलीकडे महावितरणचे. ज्या घरी जनित्र आहे तेथील मीटरपेटीवर तशी ठळक पाटी लावल्यास लाईनमन सावध होतो. सीमेवरील गावांत ही पाटी मराठी व तेलुगू अशा दोन्ही भाषांत लिहिणे हिताचे. कारण खांबावर चढणाऱ्याची भाषा आणि घरमालकाची भाषा एकच असेल असे नाही. अधिकाऱ्यांनी शाळा, आरोग्य केंद्रे व कार्यालये येथील जनित्रांपासून या तपासणीस प्रारंभ करावा. लोकांना सांगण्यापूर्वी आपल्या घरची जोडणी नीट असणे शोभून दिसते.

शिक्षकांनी वर्गात चार प्रश्न विचारावेत. आपल्या घरातील मेन स्विच कोठे आहे? तो एक तार तोडतो की दोन? गावातील वीज गेली असतानाही तारेत वीज असू शकते काय, आणि ती कशी? आपल्या घरातील दिवे व पंखे मिळून किती वॅट होतात? मुले ही उत्तरे घरी जाऊन शोधतील, तेव्हा वडीलधाऱ्यांचेही लक्ष त्या पेटीकडे जाईल.

वादळानंतर गावात पहिला दिवा कोणाच्या घरी लागला, याची चर्चा दुसऱ्या दिवशी पारावर होते. तो दिवा लावताना खांबावर चढलेला माणूस सुखरूप खाली उतरेल, एवढी व्यवस्था ज्याने आधीच करून ठेवली आहे, त्याच्या घरचा उजेड खरा समजावा.