इलेक्ट्रिकल मिळतंय, एआय नाही? घ्या बिनधास्त

इंजिनीअरिंग प्रवेशाचे कॅप राउंड सुरू झाले की पालकांचा एक प्रश्न ठरलेला: "एआय-डेटा सायन्स हुकलं, इलेक्ट्रिकल लागलंय. आता काय करायचं?" मुलीला किंवा मुलाला गणिताचं वावडं नसेल, तर मी इलेक्ट्रिकल घ्यायला सांगतो. बरेच जण नाराज होऊन उठतात.

कारण समजून घ्या, ते विजेच्या ग्रिडमध्येच आहे. कोळशाच्या संचाला सांगाल तेवढी वीज तो देतो. ऊन-वारा कुणाचं ऐकत नाही. ग्रिडची फ्रिक्वेन्सी मात्र सतत ५० हर्ट्झच्या आसपासच राहायला हवी. म्हणून दिवसाचे १५-१५ मिनिटांचे ९६ ब्लॉक पाडलेले असतात आणि कोणत्या ब्लॉकमध्ये किती वीज येईल, हे पवन-सौर प्रकल्पांना आधी कळवावं लागतं. अंदाज मर्यादेबाहेर चुकला की पैसे भरा!

एआयचं काम नेमकं इथे आहे. साताऱ्याच्या चाळकेवाडी पठारावर पावसाळी वारा सुरू झाला की वीजनिर्मिती भराभर चढते. हवामानाचा अंदाज, जुने आकडे आणि वाऱ्याचा आत्ताचा वेग घेऊन मशीन लर्निंग पुढच्या ब्लॉकचे आकडे काढतं. पण एखाद्या पवनचक्कीचा आकडा अचानक शून्य झाला तर? वारा पडला, मशीन देखभालीला बंद ठेवलंय, की लाइन ट्रिप झाली? फीडर आणि सबस्टेशन कळणाऱ्याला हे पटकन उमगतं. नुसतं पायथॉन येणारा तो शून्यच मॉडेलला शिकवून मोकळा होतो.

वीज आणि एआय दोन्ही कळणारी माणसं अंदाज-शेड्यूलिंगचं काम करणाऱ्या कंपन्यांना लागतात, ग्रिडचा समतोल राखणाऱ्या लोड डिस्पॅच सेंटरलाही लागतात. सरकारी कंपनीत जायचं तर गेट परीक्षेची तयारी तिसऱ्या वर्षापासूनच धरा.

डिप्लोमा, आयटीआयवाल्यांनी हिरमुसायचं कारण नाही. सोलर पार्कवर ड्रोनच्या थर्मल फोटोंतून तापलेलं पॅनेल सॉफ्टवेअर शोधून देईल. जळालेला कनेक्टर बदलायला वायरमनच जाणार.

'शंभर टक्के प्लेसमेंट'वाल्या महागड्या एआय कोर्सला मात्र लांबूनच नमस्कार करा. एनपीटीईएल या ऑनलाइन पोर्टलवर पॉवर सिस्टीम आणि मशीन लर्निंग, दोन्हींची लेक्चर्स फुकट आहेत. घरावर सोलर असेल तर सुट्टीत इन्व्हर्टरच्या ॲपमधले रोजचे युनिट एक्सेलमध्ये उतरवायला सांगा आणि उद्या किती युनिट होतील, याचा अंदाज मुलांनाच काढू द्या. ढगाळ दिवशी तो सपशेल चुकेल. का चुकला, हे शोधायला पोर आपणहून बसलं, तर या क्षेत्रात त्याला गोडी लागेल.