अंघोळीचे दोन हिशोब

लातूरला शाळेत विज्ञान शिकवण्यात नोकरी सरली आणि निवृत्तीनंतर मुलाकडे पुण्याला राहायला आले. लातूरने पाणी मोजायला शिकवलं आणि माझ्या विषयाने उष्णता. अंघोळीत आपण या दोन्ही गोष्टी खर्च करतो, पण बोलतो फक्त पाण्याबद्दल. ते वाहताना दिसतं म्हणून असेल. त्यातली ऊब कुणाला दिसत नाही, आणि महाग पडते ती ऊबच. दोन्हीचा हिशोब घरात राखताना जे उमगलं, ते इथे सांगते.

1. धार मोजता येत नाही, बादली मोजता येते

2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. त्या 'जलदूत' गाडीच्या पहिल्या फेरीत 10 वाघिणींमधून 5 लाख लिटर पाणी आलं आणि पुढे 50 वाघिणींची गाडी धावू लागली. त्याआधी शहरात पाण्याच्या टाक्यांभोवती भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लागली होती. त्या दिवसांत आमच्या घरी प्रत्येकाला अंघोळीची एक बादली ठरलेली होती. कुणाला उपदेश करावा लागला नाही. तळ दिसू लागला की हात आपोआप आखडतो.

पुण्यात शॉवर आला आणि तळच गेला. तुमच्या शॉवरखाली बादली धरून घड्याळ लावून पाहा. रुंद तोंडाचा जुना शॉवर मिनिटाला 10 ते 15 लिटर सहज सोडतो. दहा मिनिटांच्या अंघोळीत 20 लिटरच्या पाच-सात बादल्या संपतात आणि अंघोळ करणाऱ्याला वाटतं, आपण जेमतेम अंग भिजवलं.

माझं शॉवरशी वैर नाही. हवा मिसळणाऱ्या जाळीचा शॉवर मिनिटाला सहा-सात लिटरवर भागवतो. साबण लावताना तो बंद ठेवला आणि एकूण तीन मिनिटंच चालवला, तर खर्च बादलीएवढाच होतो. नातवाला शॉवरच लागतो, म्हणून त्याच्यासाठी तो बदलून घेतला. आम्ही बाकीचे बादलीवर आहोत. बादलीच्या आत लिटरच्या बाटलीने मोजून रंगाच्या खुणा केल्या आहेत: 10, 15 आणि 20. बहुतेकांची अंघोळ पंधराच्या खुणेवर छान होते.

2. पाण्यापेक्षा ऊब महाग

शाळेत मुलांना हे गणित घालायचे तेव्हा वर्गात कुणाचा विश्वास बसायचा नाही. एक लिटर पाणी समुद्रसपाटीपासून कळसूबाईच्या शिखरावर, म्हणजे 1646 मीटर उंच न्यायला जितकी ऊर्जा लागते, तितक्यात तेच पाणी तापवायला घेतलं तर किती तापेल? उत्तर: चार अंशसुद्धा नाही. एक लिटर पाणी एका अंशाने तापवणं आणि तेच पाणी 427 मीटर उचलणं, दोन्हीला ऊर्जा सारखीच लागते. म्हणून सोसायटीच्या पंपाच्या बिलावरून बैठकीत आवाज चढतात, पण खरी वीज जाते ती प्रत्येकाच्या बाथरूममध्ये.

आता घरचा हिशोब. हिवाळ्यात नळाचं पाणी 22 अंशांचं धरलं आणि 20 लिटरची बादली 42 अंशांवर नेली, तर जवळजवळ अर्धा युनिट वीज लागते. चार माणसांच्या घरात महिन्याला पंचावन्नच्या आसपास युनिटं नुसती अंगावरून वाहून जातात. महावितरणच्या घरगुती दरात 100 युनिटांपुढचा टप्पा चढ्या दराचा असतो, आणि बरीच घरं तो ओलांडतात ते हिवाळ्यात गिझर सुरू झाल्यावरच.

हाच हिशोब उलटा वाचला की उपाय सापडतो. पाणी 42 ऐवजी 39 अंशांवर घेतलं तर पंधरा टक्के वीज वाचते. बादली 20 ऐवजी 15 लिटरची भरली तर पंचवीस टक्के. दोन्ही केलं तर तिसऱ्या हिश्शाहून अधिक. यासाठी एक रुपयाचंही यंत्र लागत नाही.

3. विसण घालणं म्हणजे उधळपट्टी नव्हे

माझ्या शेजारणींचा समज असा, की कडकडीत पाणी काढून त्यात गार पाणी विसणलं म्हणजे वीज वाया गेली. तसं नाही. 55 अंशांचं थोडं पाणी आणि त्यात गार, किंवा सगळंच पाणी 40 अंशांचं, बादलीतली एकूण उष्णता तीच राहते. उष्णता वाया जाते ती गिझरच्या टाकीत उरलेल्या पाण्यातून. 15 लिटरच्या गिझरमधलं 55 अंशांचं पाणी विसणलं की अंघोळीजोगं सत्तावीस लिटर होतं, म्हणजे जवळजवळ दोन माणसांचं. एकच माणूस अंघोळ करून निघून गेला की उरलेलं पाणी दिवसभर बाथरूमच्या भिंती तापवत बसतं, आणि बटण चालू राहिलं तर गिझर ते पुन्हापुन्हा तापवत राहतो.

म्हणून आमच्या घरी अंघोळी एकामागून एक होतात. दोन किलोवॉटच्या अशा गिझरला हे पाणी तापवायला वीस मिनिटं पुरतात. तेवढ्या वेळापूर्वी बटण लावायचं, पहिला माणूस आत गेला की दुसऱ्याने टॉवेल घेऊन तयार राहायचं, आणि शेवटच्याच्या आधी बटण बंद करायचं. सुरुवातीला सूनबाईला हे वसतिगृहासारखं वाटलं. आता बटण तीच बंद करते.

4. बंबाचं काय घ्यावं, काय सोडावं

तांबट आळीतून आणलेला तांब्याचा बंब माझ्या माहेरी होता. मधोमध जाळाची नळी आणि तिच्या चहूबाजूंनी पाणी, ही त्याची रचना फार हुशारीची. चुलीवरच्या हंड्याला जाळ खालून लागतो आणि बाजूंनी निसटतो. बंबात तो पाण्याच्या पोटातूनच जातो. जळणही शेतातलं उरलंसुरलं: तुराट्या, पऱ्हाट्या, करवंट्या, गोवऱ्या. आणि शिस्त अशी, की गरम पाणी जेवढं काढून घेतलं तेवढं गार पाणी वर ओतायचं. ते आडावरून स्वतः शेंदून आणावं लागे, त्यामुळे कुणी उगाच तिसरं घंगाळ भरत नसे.

धुराबद्दल मात्र हळहळ नको. तो डोळ्यांत आणि छातीत जायचा, आणि बहुधा घरातल्या बायकांच्याच. बंबातून घ्यायची ती शिस्त. शेतावरच्या मोकळ्या जागेत अजूनही बंब ठीक आहे. सदनिकेच्या गॅलरीत नाही.

5. नळातलं पहिलं पाणी

आमच्या इमारतीच्या गच्चीवर सौर बंब आहेत. पुणे महापालिका अशा यंत्रणेसाठी मालमत्ता करात सवलत देते, त्यामुळे ते बसवताना फार वाद झाला नाही. पण सूर्य फुकट असला तरी गच्ची ते न्हाणीघर हा रस्ता फुकट नाही. पाऊण इंची नळाच्या एका मीटरमध्ये तीनशे मिलिलिटरहून जास्त पाणी मावतं. तीस मीटर नळ असला तर गरम पाणी येईपर्यंत नऊ-साडेनऊ लिटर गार पाणी आधी बाहेर पडतं. बहुतेक घरांत ते सरळ मोरीत जातं. प्रत्येक अंघोळीआधी असं झालं की सौर बंबाने वाचवलेल्या विजेचं पुण्य पाण्याच्या बाजूने निम्मं होतं.

उपाय सोपा आहे. ते पहिलं पाणी वेगळ्या बादलीत धरायचं आणि त्यावर कपडे भिजवायचे किंवा फरशी पुसायची. ते स्वच्छच असतं, विसणायलाही चालतं. अंघोळी लागोपाठ केल्या की हा भुर्दंड एकदाच बसतो. आणि नव्या घराचं काम सुरू असेल, तर गरम पाण्याच्या नळावर आवरण घालून घ्या आणि टाकी न्हाणीघराच्या डोक्यावर येईल असं पाहा.

6. साबण कमी, पाणी कमी

बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर. अशा पाण्यात साबणाला फेस येत नाही, साका तेवढा येतो. मग आपण आणखी साबण चोळतो आणि तो काढायला आणखी पाणी घेतो. यावर जुनी रीत चांगली: दोन तांबे पाण्याने अंग ओलं करायचं, ओल्या पंचाने खसखसून चोळायचं, साबण फक्त घामाच्या जागी लावायचा आणि उरलेलं पाणी धुवायला ठेवायचं. मळ निघतो तो मुख्यतः चोळण्याने.

हेच क्षार गिझरच्या कॉइलवर पांढरा थर होऊन बसतात. उष्णता पाण्यात नीट न गेल्याने कॉइल आतून जास्त तापते आणि जळते. पाणी कडक असेल तर ती वेळोवेळी साफ करून घ्यावी, आणि गिझरचं तापमान 60 अंशांपुढे नेऊ नये. पाणी जितकं जास्त तापतं तितका चुना जास्त बसतो.

7. काटकसर हवेत करू नये

गॅस गिझर बंद बाथरूमच्या आत कधीही नको. जळायला हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरतो. गुंगी येते आणि माणूस कडी उघडायलाही उठत नाही. हा गिझर बाहेर, मोकळ्या हवेतच बसवावा.

पाणी तापवायचा रॉडही तसाच. 1500 वॉटच्या रॉडला बादलीभर पाण्यासाठी वीस-पंचवीस मिनिटं लागतात. पाणी तापलं का हे बोट बुडवून बघायचं नाही. आधी बटण बंद, मग पिन बाहेर, मग रॉड बाहेर. लोखंडी बादली नको आणि घरात लहान मूल असेल तर रॉडच नको.

8. मोरीच्या पलीकडे बघावं

कोकणात न्हाणीच्या मागे अळू, केळ आणि कर्दळ का फोफावतात, हे सांगायला नको. बैठं घर असेल तर सांडपाण्याची वाट झाडांकडे वळवणं हे एका दिवसाचं काम आहे. सदनिकेत तेवढी सोय नसते. आम्ही मोठ्या घमेल्यात उभं राहून शेवटचे तांबे घेतो, आणि ते पाणी संडासात ओततो. जुन्या फ्लशच्या टाकीतून एका खेपेला दहा-बारा लिटर जातात, त्यातली एक तरी खेप वाचते. हे पाणी रात्रभर साठवू मात्र नये, वास सुटतो आणि डास येतात.

9. कुणाच्या अंघोळीला हात लावू नये

म्हातारी माणसं, तान्हं बाळ, बाळंतीण आणि आजारी माणूस यांना हे काहीही लागू नाही. सासूबाईंना त्यांना हवं तितकं कढत पाणी मिळालं. फक्त वेळ सकाळी सहाची न ठेवता उन्हं वर आल्यावरची ठेवली. हवेत ऊब आली की त्यांनाच पाणी कमी लागे. दिवाळीच्या अभ्यंगस्नानालाही मी खुणा पाहायला जात नाही. वर्षातले चार दिवस उटणं लावून मनसोक्त न्हाल्याने धरणं आटत नाहीत. ती आटतात रोजच्या नकळत खर्चाने. आणि मार्चपासून पाऊस येईपर्यंत गच्चीवरच्या टाकीतलं पाणी उन्हानेच तापलेलं असतं, तेव्हा गिझरचं मुख्य बटणच पाडून ठेवावं.

10. पंचावन्न लिटर

भारतीय मानक ब्युरोच्या प्रमाणात शहरातल्या माणसाला रोज 135 लिटर पाणी धरलं आहे आणि त्यातले 55 लिटर अंघोळीचे. जल जीवन मिशनमध्ये खेड्यातल्या माणसाला स्वयंपाक, पिणं, धुणं, अंघोळ असं दिवसभराचं सगळं मिळून धरलेलं पाणी किती? तेही 55 लिटर.

आम्ही वीस लिटरमध्ये अंघोळ केली तर माणशी 35 आणि चार माणसांचे 140 लिटर रोज वाचतात. ते पाणी पाइपातून उलटं वाहत कुठल्या खेड्यात पोचत नाही, हे मलाही कळतं. पण आमच्या सोसायटीचे मे महिन्यातले टँकर त्याने कमी होतात, आणि ते टँकर ज्या विहिरींवर भरतात त्या कुठल्यातरी गावच्याच असतात.