सह्याद्रीहून हिमालयाकडे : उंचावरील तीर्थयात्रेची पूर्वतयारी

सावित्री नदी श्रीक्षेत्र महाबळेश्वराच्या डोंगरात उगम पावते आणि पोलादपूर व महाड ही गावे मागे टाकून बाणकोटच्या खाडीत समुद्रास मिळते. तिच्या काठच्या माणसांना चढणीचे नवल नाही. रायगड, शिवथरघळ, प्रतापगड ही स्थाने येथून जवळ असून येणारे भाविकही दर्शनासोबत एखादा गड चढूनच परततात. यांतील अनेकांच्या मनात केदारनाथ, अमरनाथ किंवा कैलास-मानसरोवर यात्रेचा संकल्प असतो. संकल्प उत्तमच, परंतु त्यासोबत एक समजूतही असते. ‘रायगड न थांबता चढतो, मग केदारनाथ काय अवघड?’ असे सहज म्हटले जाते. ही समजूत अर्धी खरी आहे आणि उरलेले अर्धे जिवावर बेतू शकते. सदर लेखात त्याचाच विचार केला आहे.

उंचीचा हिशेब

महाड हे प्राचीन काळचे बंदर. समुद्रसपाटीपासून त्याची उंची फारशी नाही. रायगडाचा माथा सुमारे ८२० मीटर उंच आहे. आंबेनळी घाटाने वर गेल्यावर लागणारे महाबळेश्वर सुमारे १३५० मीटरवर आहे. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई १६४६ मीटरचे आहे.

आता हिमालयाकडे पाहू. केदारनाथची पायी वाट ज्या गौरीकुंडापासून सुरू होते, ते ठिकाणच सुमारे १९८० मीटर उंचीवर, म्हणजे कळसूबाईच्याही वर आहे. श्रीकेदारनाथ मंदिर ३५८३ मीटरवर आहे. २०१३ च्या महापुरानंतर वाट बदलली असून आता साधारण १६ किलोमीटर चालावे लागते. एवढ्या अंतरात सुमारे १६०० मीटर चढावे लागते, म्हणजे समुद्रसपाटीपासून मोजलेल्या रायगडाच्या जवळजवळ दुप्पट. अमरनाथची गुहा ३८८८ मीटरवर असून पहलगाम मार्गावरील महागुणस खिंड त्याहूनही उंच आहे. कैलास परिक्रमेतील डोल्मा खिंड सुमारे ५६३० मीटर उंचीवर आहे.

विरळ हवेचा त्रास साधारणपणे २५०० मीटरच्या पुढे सुरू होतो. ती उंची महाराष्ट्रात कोठेही नाही. त्यामुळे येथला कितीही कसलेला गडप्रेमी त्या हवेची परीक्षा दिलेला नसतो. पायांची तयारी घरी करता येते, हवेची सवय मात्र वर गेल्यावर आणि सावकाशीनेच होते. यात्रेच्या तयारीचा सारा विचार या एका गोष्टीभोवती करावा.

विरळ हवेत शरीराचे काय होते?

हवेतील प्राणवायूचे प्रमाण सर्वत्र सुमारे २१ टक्केच असते; पण उंचावर हवेचा दाब कमी होतो. केदारनाथच्या उंचीवर तो समुद्रसपाटीच्या सुमारे दोन-तृतीयांश, तर डोल्मा खिंडीत निम्म्याच्या आसपास असतो. प्रत्येक श्वासागणिक शरीरास मिळणारा प्राणवायू त्याच मानाने घटतो. शरीर यावर उपाय करते. श्वास व नाडी जलद होते, मूत्रपिंडे रक्तातील समतोल सांभाळतात, पुढे काही आठवड्यांत तांबड्या रक्तपेशी वाढतात. यांतील पहिल्या बदलांनाही दोन-तीन दिवस लागतात. ते दिवस शरीराला न देता वर गेल्यास त्रास होतो.

तरुण व बलवान माणसे यातून सुटत नाहीत. दम भरपूर असल्याने ती वेगाने वर जातात व म्हणूनच कित्येकदा तीच आधी आजारी पडतात. चढण वाचावी म्हणून हेलिकॉप्टरने जाणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावे. त्यांचे पाय वाचतात. पण काही मिनिटांत एकदम ३५०० मीटरवर पोचल्याने शरीरास सावरण्याची संधी मिळत नाही. हृदयविकार असलेल्या वृद्धांसाठी हेलिकॉप्टर हा सुरक्षित मार्ग आहे, हा समज म्हणूनच घातक आहे. बदरीनाथ येथे तर वाहन थेट जाते. तरी ते स्थानही ३००० मीटरहून उंच आहे, हे बसने जाणाऱ्यांनी विसरू नये.

ओळखावयाची लक्षणे

वर पोचल्यावर साधारण सहा ते बारा तासांत डोके दुखणे, मळमळ, अन्नावरची वासना जाणे, गरगरणे, अतिशय थकवा व झोप न लागणे ही पहिली लक्षणे दिसतात. ‘प्रवासाने पित्त झाले’ असे म्हणून ती अंगावर काढण्याची आपल्याकडे सवय आहे. उंचावर मात्र दुसरे कारण सिद्ध होईपर्यंत हा उंचीचाच त्रास समजावा.

पुढची दोन रूपे प्राणघातक आहेत. फुप्फुसांत पाणी साचल्यास बसल्या जागीही धाप लागते, खोकला येतो, ओठ निळसर होतात, थुंकी फेसाळ व गुलाबी पडते. मेंदूस सूज आल्यास बोलणे असंबद्ध होते, माणूस सुस्त होतो, तोल जातो. शंका येताच त्यास एका पावलाच्या बोटांना दुसऱ्या पावलाची टाच लावीत सरळ रेषेत चालावयास सांगावे. ते न साधल्यास एक क्षणही दवडू नये.

नियम तीन आहेत. लक्षणे असताना आणखी वर जाऊ नये. लक्षणे वाढत असल्यास तत्काळ खाली उतरावे, रात्र असली तरी. आजारी माणसास एकटे सोडू नये वा एकटे खाली पाठवू नये. प्राणवायूची नळकांडी व औषधे उपयोगी आहेत. परंतु ती खाली नेईपर्यंतचा आधार होत, उतरण्यास पर्याय नव्हेत.

तीन महिन्यांची तयारी

पहिल्या महिन्यात रोज ४५ मिनिटे झपाझप चालावे. चालताना बोलता येईल, पण गाता येणार नाही, इतका वेग पुरेसा आहे. दुसऱ्या महिन्यात चढ व पायऱ्यांची भर घालावी आणि पाठीवर चार-पाच किलो ओझे घ्यावे. तिसऱ्या महिन्यात आठवड्यातून एकदा मोठी चढण करावी. पाचाडकडून रायगडाच्या चौदाशेंहून अधिक पायऱ्या चढणे हा उत्तम सराव आहे. उतरताना रोपवेचा मोह टाळावा. हिमालयात गुडघे दुखावतात ते बहुधा उतारावर, आणि त्यांची तयारी उतरण्यानेच होते. शेवटच्या पंधरवड्यात लागोपाठ दोन दिवस चढण करून पाहावी, कारण यात्रेत थकलेल्या पायांनी दुसऱ्या दिवशीही चालावे लागते.

केदारनाथचे दरवाजे अक्षय्य तृतीयेच्या सुमारास उघडतात. त्यामुळे सरावाचे महिने कोकणातील उकाड्याचे असतात. सराव सूर्योदयापूर्वी सुरू करून उन्हे तापण्याआधी संपवावा. पावसाळ्यात सरावासाठी डोंगरउतारावर वा घाटात जाऊ नये. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळीये गावावर कोसळलेली दरड कोणी विसरलेले नाही. त्या दिवसांत घरातील किंवा इमारतीतील जिना चढणे-उतरणे पुरे आहे.

वैद्यकीय तपासणी

निघण्यापूर्वी दोन महिने आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडून रक्तदाब, मधुमेह, हिमोग्लोबिन व हृदयाचा आलेख यांची तपासणी करून घ्यावी. हृदयविकार, दमा, पूर्वीचा उंचीचा त्रास किंवा गर्भारपण असल्यास स्पष्ट सांगावे. नेहमीची औषधे बंद करू नयेत. ती दुप्पट घेऊन अर्धी अंगावरच्या पिशवीत ठेवावीत. इन्शुलिन गोठू देऊ नये. उंचीचा त्रास टाळण्यासाठी अ‍ॅसिटाझोलामाइड हे औषध दिले जाते. ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे व सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असल्यास आधी सांगावे. झोपेच्या गोळ्या व मद्य उंचावर वर्ज्य समजावे.

अमरनाथ यात्रेस अधिकृत डॉक्टरांचे आरोग्य प्रमाणपत्र सक्तीचे आहे. १३ वर्षांखालील व ७० वर्षांवरील व्यक्तींना आणि सहा आठवड्यांहून अधिक गरोदर असलेल्या भगिनींना परवानगी नाही. ऑगस्ट १९९६ मध्ये या यात्रेत हिमवादळाने दोनशेहून अधिक यात्रेकरू दगावले. त्यानंतर नेमलेल्या नितीश सेनगुप्ता समितीने यात्रेकरूंच्या संख्येवर मर्यादा आणि शारीरिक क्षमतेची अट सुचविली. या नियमांमागे असा इतिहास आहे. ओळखीने प्रमाणपत्र मिळविणारा शासनाला फसवीत नाही, स्वतःच्या घरच्यांना फसवितो.

आहार, उपवास व पोशाख

उंचावर तहान कमी लागते, पण कोरड्या हवेत शरीरातील पाणी झपाट्याने घटते. दिवसाकाठी तीन-चार लिटर पाणी घोटघोट घ्यावे. तांदळाची पेज, वरणभात, गूळ-शेंगदाणे, लाडू असे हलके व वारंवार खावे. निर्जळी उपवास करून किंवा अनवाणी चढणे टाळावे. एकादशी पाळणाऱ्यांनी चढणीच्या दिवशी फळे, दूध व पाणी यांवर भर द्यावा आणि मधुमेहींनी डॉक्टरांना विचारूनच उपवास धरावा. पहाटेच्या कडाक्यात गार पाण्याने स्नान करण्याचा हट्टही वृद्धांनी धरू नये.

कोकणात लोकरी कपड्यांची गरज पडत नसल्याने बहुतेकजण ऐनवेळी एकच जाड स्वेटर घेतात. त्याऐवजी तीन थर ठेवावेत : आत घाम लवकर वाळणारे कापड, मध्ये लोकरीचे, बाहेर वारा व पाऊस अडविणारे. सुती कपडे भिजले की अंगातील ऊब शोषून घेतात. कानटोपी, हातमोजे, मोज्यांचे सुटे जोड, विजेरी, काठी व गॉगल सोबत असावेत. बूट किमान दीड महिना आधी घेऊन त्यांतूनच सराव करावा.

वेळापत्रक व मार्गदर्शक

येथून निघालेला यात्रेकरू हरिद्वारमार्गे चार-पाच दिवसांत केदारनाथी पोचतो. वाटेत गुप्तकाशी येथे एक व सोनप्रयाग किंवा गौरीकुंड येथे एक मुक्काम ठेवल्यास शरीरास टप्प्याटप्प्याने सवय होते. सर्वसाधारण नियम असा की, ३००० मीटरच्या पुढे झोपण्याची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा अधिक वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विसावा घ्यावा. केदारनाथच्या वाटेवर हा नियम पुरता पाळता येत नाही. म्हणूनच तेथे चाल मंद ठेवावी, डोके दुखू लागल्यास वर मुक्कामाचा आग्रह सोडून खाली उतरावे.

यात्रा कंपनी निवडताना केवळ दर विचारू नये. मुक्काम कोठे व किती, विसाव्याचा दिवस आहे काय, प्राणवायू व बोटास लावावयाचे ऑक्सिमीटर सोबत आहे काय, कोणी आजारी पडल्यास त्यास खाली कोण नेणार, या प्रश्नांची उत्तरे आधी घ्यावीत. शेवटच्या प्रश्नास स्पष्ट उत्तर न देणाऱ्याबरोबर जाऊ नये. वाटेवर सर्वांत हळू चालणाऱ्यास पुढे ठेवावे. दोघा-दोघांच्या जोड्या कराव्यात आणि जोडीदाराने रोज संध्याकाळी ‘डोके दुखते काय? जेवण गेले काय?’ असे विचारावे. मार्गदर्शकाने ‘परत फिरा’ म्हटल्यावर वाद घालू नये.

परत फिरणे

यात्रेकरू लक्षणे लपवितो, याचे कारण बहुधा अज्ञान नसते. त्याने नवस बोललेला असतो, पै-पै साठविलेली असते, गावाने निरोप दिलेला असतो. ‘देवाच्या दारातून कसा फिरू?’ हा त्याचा प्रश्न खरा आहे व त्यास हसू नये. पण त्याचे उत्तरही ठरलेले असावे. परराष्ट्र मंत्रालयाच्या कैलास-मानसरोवर यात्रेत दिल्लीस तपासणी होऊनही लिपुलेख मार्गावर गुंजी येथे पुन्हा तपासणी होते आणि जे अपात्र ठरतात त्यांना तेथूनच परत पाठविले जाते. २०२० ते २०२४ या काळात बंद असलेली ही यात्रा २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली. तिच्या नियोजनातच परत फिरण्याची जागा ठेवलेली आहे. तशीच जागा प्रत्येक यात्रेकरूने आपल्या संकल्पात ठेवावी. निघण्यापूर्वी घरच्यांसमक्ष सांगावे की, त्रास झाल्यास जेथे असेन तेथून हात जोडून परत येईन. हे आधी बोललेले असले म्हणजे वर तो निर्णय घेणे जड जात नाही, आणि सोबत्यांनाही त्याची आठवण देता येते.

शिर सलामत तर पगडी पचास, असे जुनी माणसे सांगत. देवस्थाने पुढल्या वर्षीही तेथेच असतात. यात्रेकरूने सुखरूप घरी यावे, प्रसाद वाटावा आणि पुढे जाणाऱ्यास आपला अनुभव सांगावा. सर्व यात्रेकरूंची यात्रा निर्विघ्न व सुफळ होवो.