आशीर्वाद मिळाला, तरी तो लंगडत होता

शास्त्रपाठ : उत्पत्ती ३२:२२-३२, ३३:१२-१४

याब्बोकच्या उतारापाशी याकोब रात्रभर झगडला. पहाटे त्याला आशीर्वाद व नवे नाव मिळाले. आणि त्याच झगड्यात त्याच्या जांघेचा सांधा निखळला. सूर्य उगवला तेव्हा तो लंगडत चालला होता. पवित्र शास्त्र या दोहोंपैकी एकही गोष्ट लपवीत नाही.

आपल्या मंडळ्यांत कर्करोगाच्या आजाऱ्यासाठी उपचार चालू असेतोवर प्रार्थना होते, भेटी होतात, घरी डबा जातो. मग उपकारस्तुती होते आणि सर्व जण समजतात, बाई बरी झाली. पुढे तिने "थकवा जात नाही" म्हटले, तर कोणी तिच्या विश्वासावर बोट ठेवतो. हे बोलणे निष्ठुर आहे आणि खोटेही आहे. हा थकवा झोपेने भरून निघत नाही, कित्येकांत महिनोन् महिने राहतो. नुसते पडून राहण्यापेक्षा डॉक्टरांच्या सल्ल्याने रोज थोडे चालणे अधिक उपयोगी पडते.

स्तनाच्या शस्त्रक्रियेत काखेतील गाठी काढल्या असल्यास हाताला सूज येऊ शकते. कधी ती वर्षांनंतरही येते. अशा हाताची कातडी जपावी. तो लाल व गरम झाला, ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. नवे दुखणे, नवी गाठ, घटणारे वजन हेही दाखवावे. ते "याकोबाचे लंगडणे" म्हणून सोसत बसू नये.

पॅक्लिटॅक्सेल, सिस्प्लॅटिन अशा औषधांनी पायांना मुंग्या व बधिरपणा येतो. चटका बसला तरी कळत नाही. जेथे चपला बाहेर काढून उपासनेस बसतात, तेथे अशा माणसाला चपला घालून आत येऊ द्यावे, बसायला खुर्ची द्यावी. (येथे कोणी निर्गम ३:५ काढू नये!)

प्रभुभोजनाचा विचार तर फारच थोडे करतात. तोंडाच्या वा घशाच्या कर्करोगावर किरणोपचार झाले की लाळ कमी होते; हे पुष्कळदा कायमचे असते. कोरडी भाकर घशाखाली उतरत नाही, ठसका लागतो, लोक वळून पाहतात. मग तो माणूस प्रभुभोजनाच्या रविवारी घरीच राहू लागतो, आणि आपण म्हणतो, तो थंड पडला. पाळकांनी त्याला आधीच एकांतात विचारावे. भाकरीचा अगदी लहान तुकडा, प्याल्यात भिजवून घेण्याची मोकळीक, जवळ पाण्याचा पेला. एवढ्याने तो पुन्हा मेजाजवळ येऊ शकतो.

एसावाने बरोबर चालण्याचा आग्रह केला तेव्हा याकोब म्हणाला, मी हळूहळू येतो. कारण त्याने मुलांचे व गुरांचे सांगितले, पायाचे नाही. लंगडणारा पुष्कळदा असेच करतो.

वर्गात विचारावे :

१. याकोबाने पायाचा उल्लेख का केला नसेल?

२. गेल्या दोन वर्षांत ज्यांच्यासाठी आपण उपकारस्तुती केली, त्यांच्या घरी या महिन्यात कोण जाऊन आले?