जाहिरातीची फाईल वर्तमानपत्राकडे पाठवितांना

जमीन घेतांना हरकती मागविण्याची जाहीर नोटीस, मोसंबीच्या कलमांची अगर बियाण्याची जाहिरात, असें कांहीं ना कांहीं वर्तमानपत्रांत देण्याचा प्रसंग आमच्या सभासदांस वारंवार येतो. खिळे जुळवून छपाई होत असे त्या काळीं हस्तलिखित मजकूर छापखान्यांत दिला म्हणजे आपलें काम बहुतेक संपे. आतां आष्टीच्या डीटीपीच्या दुकानांत तयार झालेली फाईल जशीच्या तशी पानावर बसते. पुढें तो मजकूर कोणी फिरून टाईप करीत नाहीं, आणि तींत राहिलेली चूकही कोणी काढीत नाहीं.

प्रथम जागेचें नेमकें माप वर्तमानपत्राकडून विचारून घ्यावें. स्तंभाची रुंदी प्रत्येक पत्राची निराळी असते. छायाचित्रास छापावयाच्या मापावर दर इंचीं २०० ते ३०० ठिपके असावेत. म्हणजे ८ सेंटिमीटर रुंदीस ६३० ते ९४५ ठिपके लागतात. व्हॉट्सॲपवरून साधें चित्र म्हणून पाठविल्यास ठिपके कमी होतात. तें ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावें.

संगणकाच्या पडद्यावरील रंग उजेडाचे, कागदावरील रंग शाईचे. निळी, किरमिजी, पिवळी व काळी अशा चार शाया चार निरनिराळ्या पत्र्यांवरून उमटतात. यंत्र वेगानें चालत असतां एखादा ठसा केंसभर सरकतोच. बारीक अक्षरें चारही शायांचीं केलीं असल्यास त्यांस रंगीत कडा सुटतात. यास्तव मजकूर केवळ काळ्या शाईचा ठेवावा. वर्तमानपत्री कागद शाई शोषतो व ठिपके पसरतात, म्हणून छायाचित्र पडद्यावर थोडें उजळ दिसेल असें करावें. काळ्या जमिनीवर पांढरीं बारीक अक्षरें दुकानदारांस फार आवडतात. आमच्या मतें नोटिशीस तीं घातक होत. शाई आंत शिरून तीं बुजतात.

मराठी अक्षरांची अडचण आणखी निराळी. युनिकोडपूर्वींचे फाँट ज्या संगणकांत नाहींत तेथें मजकुराच्या जागीं रोमन अक्षरांचा कचरा दिसतो. युनिकोड असूनही पान लावण्याच्या कांहीं जुन्या प्रणालींत जोडाक्षरें फुटतात व ऱ्हस्व वेलांटी अक्षरामागें जाऊन बसते. म्हणून अक्षरें ‘कर्व्ह’ करून पीडीएफ पाठवावी. कर्व्ह झालेल्या अक्षरांत दुरुस्ती होत नाहीं, सबब मूळ फाईल निराळी राखावी.

पाठविण्यापूर्वीं त्या पीडीएफची कागदावर प्रत काढून, कचेरींत नकलांची घेत तशी रुजवात घ्यावी. एकानें सातबारा मोठ्यानें वाचावा, दुसऱ्यानें प्रतीवर बोट ठेवून पाहावें. गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा यांतील एक अंक चुकला तर नोटीस भलत्याच जमिनीची होते. मग ती पुन्हां छापावी लागते, हरकतीची मुदतही नव्यानें मोजावी लागते, आणि तोंवर इसार अडकून राहतो. ‘१.२०’ मधील टिंब सरकलें कीं तीन एकरांचे तीस एकर होतात. क्षेत्र ‘१ हेक्टर २० आर’ असेंच लिहवून घ्यावें. पडद्यावर वाचून हें काम भागत नाहीं. डोळा ओळखीचा शब्द न वाचतांच पुढें जातो.

अंक निघाल्यावर नोटिशीचें पूर्ण पान ठेवावें. नुसतें कात्रण ठेविल्यास वर्तमानपत्राचें नांव व तारीख असलेला वरचा भाग हातचा जातो, आणि पुढें वाद निघाल्यास तोच प्रथम मागतात.