हरवलेला हद्दीचा दगड

शेताच्या बांधावरून होणारी भांडणे तुमच्या कानी आलीच असतील. पुष्कळदा भांडणाचे मूळ एखाद्या दगडात असते. नांगराने उखडलेला किंवा पुरात वाहून गेलेला हद्दीचा दगड कोठे होता, हे ज्याला त्याला आपापल्या सोयीने आठवते!

अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यात, नेवासे तालुक्यात गोदावरीकाठी असे एक शेत आहे अशी कल्पना करू. शेत समांतरभुज चौकोनाच्या आकाराचे आहे. अ, ब, क हे दगड जागेवर आहेत. चौथा, ड, नाहीसा झाला आहे. विहीर हा आरंभबिंदू, पूर्वेकडे क्ष-अक्ष, उत्तरेकडे य-अक्ष. अंतरे जुन्या मोजणीच्या साखळीने घेऊ. ही साखळी ३३ फुटांची, सोळा आण्यांची. एक साखळी लांब व एक साखळी रुंद जागा म्हणजे बरोबर एक गुंठा, म्हणून चौरस साखळ्यांत आलेले क्षेत्रफळ आपोआप गुंठ्यांत मिळते.

मोजणीत अ (२, १), ब (८, ३), क (१०, ८) असे निर्देशक आले. समांतरभुज चौकोनाचे कर्ण परस्परांना दुभागतात, म्हणजे अक आणि बड यांचा मध्यबिंदू एकच. अक चा मध्यबिंदू (६, ४.५). म्हणून ड चा क्ष-निर्देशक १२ − ८ = ४ आणि य-निर्देशक ९ − ३ = ६. दगड (४, ६) येथे होता.

शेतात हे आकडेमोडीवाचूनही जमते. ब पासून त्या मध्यबिंदूपर्यंत अडीच साखळ्या भरतात. त्याच रेषेत आणखी अडीच साखळ्या पुढे गेले की ड सापडतो.

पण थांबा. अ, ब, क हे दगड याच क्रमाने येतात हे आपण गृहीत धरले. क्रम ठाऊक नसेल तर? मग बक हा कर्ण धरून शेजारी चौथा दगड (१६, १०) येथे दाखवील, आणि अब हा कर्ण धरून तिसरा कोणी (०, −४) येथे, म्हणजे विहिरीच्या थेट दक्षिणेस चार साखळ्यांवर. कोणी म्हणेल, सातबाऱ्यावरचे क्षेत्र पाहा म्हणजे खरे-खोटे कळेल. दुर्दैवाने तसे होत नाही. तिन्ही चौकोन अबक त्रिकोणाच्या दुप्पट, म्हणून तिन्हींचे क्षेत्रफळ २६ गुंठेच (सुमारे २६.३ आर) भरते! निकाल लागतो तो नकाशावरून, कोणता दगड कोणत्या दगडाशी बांधाने जोडला आहे ते पाहून. आणि शेत मुळात समांतरभुज नसेल, तर तीन दगडांवरून चौथा मुळीच सांगता येत नाही.

आता आलेख कागदावर (४, ६), (१६, १०) व (०, −४) हे बिंदू जोडा. अ, ब, क या मोठ्या त्रिकोणाच्या बाजूंवर नेमके कोठे पडतात? त्याचे क्षेत्रफळ ५२ गुंठे का येते?